फॉक्सला ठेवलं, हॅलिबर्टनला दिलं

प्रश्न एनबीएतला, म्हणजे अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगमधला, आणि थोडक्यात असा: ‘सॅक्रॅमेंटो किंग्जनं फेब्रुवारी २०२२ मध्ये टायरीस हॅलिबर्टनला इंडियाना पेसर्सला देऊन डोमँटस सबोनिसला आणलं आणि डिआरन फॉक्सला ठेवलं. माझं म्हणणं, त्यांनी चुकीचा गार्ड दिला. मित्र म्हणतो, सबोनिस आला नसता तर सोळा वर्षांचा प्लेऑफचा, म्हणजे मोसमानंतरच्या बाद फेरीचा, दुष्काळ संपलाच नसता. मिसळीची पैज लागली आहे. कोण बरोबर?’

आधी कबुली देतो. ८ फेब्रुवारी २०२२ च्या त्या बातमीवर मी ‘बरं केलं’ म्हणालो होतो, आणि चांगलं मोठ्यानं म्हणालो होतो. पंचवीसेक वर्षं पोरांना बास्केटबॉल शिकवतोय, त्यातही जास्त करून गार्डना, म्हणजे चेंडू घेऊन खेळ चालवणाऱ्यांना. म्हणजे ज्या जागेबद्दल मला सगळ्यांत जास्त कळायला हवं, तिथंच मी चुकलो. त्यामुळे उत्तर लांबणार आहे.

माझ्या चुकीचं मूळ वरळीत आहे. ४ आणि ५ ऑक्टोबर २०१९ ला एनबीएचे भारतातले पहिले सामने एनएससीआय डोममध्ये झाले, आणि संघ नेमके हेच दोन, किंग्ज आणि पेसर्स. मोसमाआधीचे सराव सामने होते. पहिला इंडियानानं जादा वेळेत १३२-१३१ असा काढला, दुसरा १३०-१०६ असा आरामात. किंग्जचे मालक विवेक रणदिवे मुंबईत जन्मलेले, त्यामुळे आमच्यातले अर्धे लोक त्या दोन दिवसांपुरते किंग्जवाले झाले होते. मी दुसऱ्या दिवशी वरच्या रांगेत होतो. फॉक्सचा वेग टीव्हीवर दिसतो, पण तो किती आहे हे तिथं बसल्यावर कळलं. आणि सबोनिस! महान आर्विदास सबोनिसचा मुलगा. उडी बेताची, पळणं बेताचं, पण स्क्रीन लावली, म्हणजे बचाव करणाऱ्याच्या वाटेत अंग घालून उभा राहिला, की गार्डचा माणूस भिंतीवर आपटावा तसा थांबायचा. चेंडू हातात आला की हा शांतपणे उभा, आणि कोण कट मारतोय, म्हणजे बास्केटकडे अचानक धावतोय, ते बघून हातात ठेवल्यासारखा पास. परतीच्या लोकलमध्ये मी सोबतच्या पोरांना सांगत होतो, सेंटर, म्हणजे बास्केटपाशी खेळणारा उंच माणूस, असावा तर असा. तेव्हा हॅलिबर्टन अजून आयोवा स्टेटकडून कॉलेज खेळत होता. मग अडीच वर्षांनी ‘किंग्जनी सबोनिस आणला’ असं वाचल्यावर माझं मत तयारच होतं.

सौदा नीट बघू, कारण वाद घालणारे बहुतेक लोक तो अर्धाच सांगतात. सॅक्रॅमेंटोनं दिले हॅलिबर्टन, बडी हील्ड आणि ट्रिस्टन थॉम्पसन. मिळाले सबोनिस, जस्टिन हॉलिडे, जेरेमी लॅम्ब आणि ड्राफ्टमधला, म्हणजे नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीतला, दुसऱ्या फेरीचा एक पिक. एनबीएत अदलाबदल करताना दोन्ही बाजूंचे पगार साधारण जुळवावे लागतात. हॅलिबर्टन अजून नवख्याच्या करारावर होता, वर्षाला चाळीस लाख डॉलरच्या आसपास. सबोनिसचा पगार त्याच्या चौपटीहून जास्त. मधली फट भरायला हील्डचा जाडजूड करार घातला. म्हणजे इंडियानाला हॅलिबर्टन मिळाला, वर हील्डसारखा शूटर मिळाला, आणि हॅलिबर्टन त्याच स्वस्त पगारात आणखी दोन मोसम मिळणार होता. ही शेवटची गोष्ट लक्षात ठेवा, तिच्याकडे परत येईन.

मग किंग्जनी हे का केलं? त्यांच्या जागी बसून बघितलं तर वेडेपणा नव्हता. २००६ नंतर प्लेऑफ नाही. २०१८ च्या ड्राफ्टमध्ये दुसऱ्या क्रमांकावर मार्विन बॅगली घेतला आणि लुका डॉन्चिच पुढच्याच क्रमांकावर गेला, ती जखम ताजी. फॉक्स २०१७ चा पाचवा पिक, त्याला नोव्हेंबर २०२० मध्ये पाच वर्षांचा १६ कोटी ३० लाख डॉलरचा करार दिलेला, आणि तो करार जेमतेम सुरू झालेला. हॅलिबर्टन त्याच महिन्यातल्या ड्राफ्टचा बारावा. त्याचा शॉट छातीजवळून ढकलल्यासारखा सुटतो, दिसायला विचित्र, आणि अकरा संघांनी त्याला सोडलं त्यात त्या दिसण्याचाही वाटा होता. दोघं पॉइंट गार्ड, म्हणजे खेळ रचणारे. त्यावर २०२१ च्या ड्राफ्टमध्ये नवव्या क्रमांकावर किंग्जनी आणखी एक छोटा गार्ड घेतला, डेव्हियन मिचेल. स्वतःच गर्दी करायची आणि मग गर्दी झाली म्हणून माणूस काढायचा, हा प्रकार आपल्याकडच्या निवड समित्यांमध्येही बघितलाय. नोव्हेंबर २०२१ मध्ये प्रशिक्षक ल्यूक वॉल्टनला काढलं, तरी संघ हरतच होता. काहीतरी विकायला लागणार होतं, आणि बाजारात ज्याला भाव होता तो विकला.

आता तुमच्या मित्राची बाजू. ती त्यानं मांडली असेल त्याहून भक्कम आहे.

२०२२-२३ चा सॅक्रॅमेंटो संघ बघायला मिळणं हा आनंद होता. माइक ब्राऊन नवा प्रशिक्षक, अटलांटाहून आणलेला केविन ह्यूर्टर, फॉक्सचा केंटकीतला जुना जोडीदार मलिक मंक, ड्राफ्टमध्ये चौथा आलेला कीगन मरी. आणि मधोमध सबोनिस. ह्यूर्टर पळत पळत सबोनिसच्या अंगावरून जायचा, सबोनिस त्याच्या हातात चेंडू ठेवायचा आणि त्याच क्षणी त्याच्या माणसाच्या वाटेत उभा राहायचा. हँडऑफ म्हणतात त्याला. साधी चाल, शाळेतल्या पोरांना शिकवता येते, पण सबोनिसच्या कंबरेइतकी रुंदी आणि तेवढी नजर एकाच माणसात क्वचित मिळते. संघानं ४८ सामने जिंकले, पश्चिमेत तिसरे आले. शंभर चढायांमागे ११८.६ गुण, तोवरच्या एनबीएच्या इतिहासातला सर्वाधिक आकडा. सबोनिस सरासरी १२.३ रिबाउंडसह (चुकलेल्या शॉटचा चेंडू पकडणं) लीगमध्ये पहिला, वर सातेक असिस्ट (ज्यावर लगेच बास्केट होते तो पास). तो आणि फॉक्स दोघंही ऑल-एनबीएच्या, म्हणजे मोसमातल्या सर्वोत्तम खेळाडूंच्या यादीतल्या, तिसऱ्या संघात. अटीतटीच्या क्षणांसाठीचा नवा पुरस्कार त्या वर्षी सुरू झाला, तो पहिल्यांदा फॉक्सला मिळाला. ब्राऊन एकमतानं सर्वोत्तम प्रशिक्षक, सौदा करणारा महाव्यवस्थापक मॉन्टी मॅकनेअर सर्वोत्तम व्यवस्थापक. प्रत्येक विजयानंतर स्टेडियमच्या छतावरून आकाशात जांभळा झोत सोडायचे, आणि गाव त्याखाली जमायचं. सोळा मोसम कोरडे गेलेल्या गावाला याची किंमत काय, हे दुसऱ्या कुणी ठरवू नये.

त्या वर्षी इंडियाना ३५-४७. मी माझ्या पोरांना तक्ता दाखवून म्हणायचो, बघा.

पण त्याच प्लेऑफमध्ये भेग दिसली होती आणि मी तिच्याकडे दुर्लक्ष केलं. समोर गोल्डन स्टेट. पहिला सामना किंग्जनी १२६-१२३ जिंकला, फॉक्सनं प्लेऑफमधल्या आपल्या पहिल्याच सामन्यात ३८ केले. मालिका सातव्या सामन्यापर्यंत गेली, तिथं स्टेफन करीनं ५० गुण केले आणि खेळ संपला. लोकांना ते ५० आठवतात. मला त्यांचा सेंटर केव्हॉन लूनी आठवतो. सबोनिस फ्री थ्रोच्या रेषेजवळ चेंडू घेऊन उभा राहायचा आणि लूनी त्याच्याकडे जायचाच नाही, दोन पावलं मागे, बास्केटच्या वाटेवर थांबायचा. मार बाबा शॉट, असं म्हणत. सबोनिसचा बाहेरचा शॉट बचावाला घाबरवणारा नव्हता, त्यामुळे कट मारणाऱ्यांच्या वाटा बुजल्या, आणि त्या सातव्या सामन्यात लूनीनं २१ रिबाउंडही घेतले. फॉक्सच्या डाव्या हाताचं बोट चौथ्या सामन्याच्या सुमारास मोडलेलं, आणि तो डावखुरा, हे मान्य. तरी ज्याच्याभोवती सगळं रचलंय तो माणूस समोरच्यानं मोकळा सोडला तरी चालतो, हे मोसमातल्या ८२ सामन्यांत लपतं. एकाच संघाशी सात वेळा खेळायला लागलं की लपत नाही.

पुढच्या वर्षी ४६ विजय, नववा क्रमांक, प्ले-इनमध्ये, म्हणजे प्लेऑफच्या आधीच्या पात्रता सामन्यांत, बाहेर. गंमत म्हणजे किंग्जच्या आक्रमणाचा तो विक्रम एकच वर्ष टिकला. २०२३-२४ मध्ये तो दोन संघांनी मोडला, बॉस्टननं आणि हॅलिबर्टनच्या इंडियानानं.

आता गार्डबद्दल. माझं खरं म्हणणं इथं आहे.

काही गार्ड चेंडू घेऊन जातात, काही चेंडू पाठवतात. फॉक्स पहिल्या जातीतला अव्वल. तो आत घुसला की सगळा बचाव आत ओढला जातो, आणि नाहीच जमलं तर तो स्वतः थांबून मधल्या अंतरावरून मारतो. पण त्यासाठी चेंडू त्याच्याकडे राहावा लागतो. २०२१-२२ मध्ये त्याचे तीनचे, म्हणजे लांबून मारलेले तीन गुणांचे, शॉट शंभरात तीससुद्धा जात नव्हते. म्हणजे चेंडू दुसऱ्याकडे असताना फॉक्स कोपऱ्यात उभा केला तर त्याचा माणूस त्याला सोडून मदतीला जायला मोकळा. हॅलिबर्टनचं उलटं. त्याचे तीनचे शॉट शंभरात चाळीसच्या वर जात होते, त्याला सोडण्याची कुणाची हिंमत नव्हती. आता सांगा, दोन गार्डपैकी एकाला चेंडूविना खेळता येतं आणि दुसऱ्याला येत नाही, तर प्रशिक्षक कुणाला चेंडूविना खेळवतो? ज्याला येतं त्याला. सॅक्रॅमेंटोनं तेच केलं. हॅलिबर्टनला बाजूला उभं केलं, मग तो बाजूला उभा असतानाचे त्याचे आकडे बघितले, आणि ठरवलं की हा संघातला दुसरा गार्ड आहे. जुळवून घेणाऱ्याला दुय्यम समजण्याची ही चूक घरात, ऑफिसात, सगळीकडे होते. मीही त्याला तसाच वाचला.

खरं तर पुरावा त्याच मोसमात मिळाला. किंग्जकडून हॅलिबर्टन सामन्याला ७.४ असिस्ट देत होता. इंडियानाला गेल्यावर उरलेल्या २६ सामन्यांत ९.६. मोसम तोच, माणूस तोच, आणि नवा संघ जुन्याहून काही चांगला नव्हता. फक्त चेंडू त्याला दिला. पुढे २०२३-२४ मध्ये तो सरासरी १०.९ असिस्टसह लीगमध्ये पहिला आला.

असिस्टच्या आकड्यावर मात्र जाऊ नका, तो फसवा आहे. माझ्या मुलांच्या सामन्यांत मी एका पोराला वही देऊन बसवतो. त्यानं फक्त दोन गोष्टी लिहायच्या: गार्डनं पास देण्याआधी किती वेळा चेंडू टप्पा मारला, आणि त्याच्या पासनंतर दोन पासांच्या आत बास्केट झाली का. पासच्या आधीचा पास कुणाच्या नावावर लागत नाही, पण सामना तिथं उघडतो. हॅलिबर्टनचे सामने असे वहीनं बघा. रिबाउंड पकडल्या पकडल्या तो चेंडू अर्ध्या कोर्टाच्या पुढे फेकून मोकळा होतो, आणि बचाव वळायच्या आत तिसऱ्याच माणसाकडे शॉट असतो. फॉक्स स्वतः वाऱ्यासारखा, पण त्याच्यासोबत चौघं वाऱ्यासारखे होत नाहीत, ते त्याला बघत राहतात. इंडियानात आठवा-नववा माणूससुद्धा पळायचा, कारण पळालं तर चेंडू येतो हे त्याला माहीत होतं.

चेंडू गमावणं बघा. २०२४-२५ मध्ये हॅलिबर्टन सामन्याला ९.२ असिस्ट आणि फक्त १.६ टर्नओव्हर. मे २०२५ मध्ये न्यूयॉर्कविरुद्धच्या मालिकेच्या चौथ्या सामन्यात ३२ गुण, १५ असिस्ट, १२ रिबाउंड, टर्नओव्हर शून्य. इतके पास, त्यातले कित्येक धावत्या माणसाला, आणि एकही समोरच्याच्या हातात नाही. मी गार्डना रोज सांगतो की धोका पत्करल्याशिवाय पास होत नाही. या माणसानं मला खोटं पाडलं.

आणि ते प्लेऑफ! मिलवॉकीविरुद्ध जादा वेळेत चाळीस सेकंदांच्या आत सात गुणांनी मागे, तिथून ११९-११८. क्लीव्हलंडला स्वतःच चुकलेल्या फ्री थ्रोचा चेंडू परत मिळवून तीनचा शॉट, १२०-११९. न्यूयॉर्कला शेवटच्या शिट्टीसोबत उडालेला चेंडू रिंगच्या मागच्या कडेवर आपटून गगनात गेला आणि सरळ खाली जाळीत. गडी जिंकल्यासारखा गळ्याला हात लावून नाचायला लागला, इंडियानाच्या रेजी मिलरनं १९९४ मध्ये त्याच कोर्टवर केलेली खूण. मग कळलं, पाय रेषेवर होता, दोनच गुण, सामना बरोबरीत. जादा वेळेत जिंकले म्हणून बरं, नाहीतर त्या नाचाचं काय झालं असतं! ५ जूनला ओक्लाहोमा सिटीत अंतिम मालिकेचा पहिला सामना, ०.३ सेकंद उरलेले, हॅलिबर्टनचा शॉट, १११-११०. अख्ख्या सामन्यात इंडियाना पुढे होती ती तेवढीच ०.३ सेकंद. याच मोसमात एनबीएच्या खेळाडूंनी निनावी मतदानात त्याला ‘सगळ्यांत जास्त डोक्यावर घेतलेला’ ठरवलं होतं. त्याच्याशी खेळणाऱ्यांनाही तो कळत नव्हता, तर सॅक्रॅमेंटोच्या ऑफिसला एकट्याला दोष देणं अवघड जातं.

शेवट माहीत असेलच. पोटरी दुखावलेली असताना तो सातव्या सामन्यात उतरला, पहिल्याच सत्रात तीन गुणांचे तीन शॉट मारले, आणि मग चढाई करताना उजव्या पायाची अकिलीसची शीर तुटली. ओक्लाहोमानं १०३-९१ जिंकलं. २०२५-२६ चा त्याचा सगळा मोसम गेला. ‘बघा, सॅक्रॅमेंटो वाचलं’ असं कुणी म्हणालं तर त्या माणसाशी मिसळच काय, चहाचीही पैज लावू नका. २०२२ चा निर्णय २०२५ च्या शिरेवरून तोलत नसतात.

मी हे ज्या तोंडानं बोलतो त्या तोंडाचाही हिशेब देतो. बऱ्याच वर्षांपूर्वी आमच्या अठरा वर्षांखालच्या संघात असेच दोन गार्ड होते. एक सुसाट, गावात नाव. दुसरा गप्प, शाळेची बॅग पाठीला लावूनच ग्राउंडवर यायचा, कुणाच्या लक्षातही यायचा नाही. आम्हाला उंच मुलाची फार गरज होती. दुसऱ्या क्लबला एक गार्ड हवा होता. ना-हरकत पत्रावर सही करून मी त्या गप्प पोराला सोडलं आणि सव्वासहा फुटांचा सेंटर आणला. उंच पोरगा चांगला होता, खोटं बोलणार नाही. पण दोन महिन्यांत आमच्या कोपऱ्यातल्या दोन्ही शूटरांचे शॉट पडेनासे झाले. मी त्यांना सकाळी सहाला बोलावून पाचशे-पाचशे शॉट मारायला लावले. काही दोष नव्हता त्यांचा. आधी चेंडू छातीसमोर, शिवणी हातात बसेल असा यायचा. आता गुडघ्यापाशी, अर्धा सेकंद उशिरा यायचा. हे कळेपर्यंत मोसम संपला. एवढं होऊनही २०२२ मध्ये मी ‘बरं केलं’ म्हणालो. उंच माणूस दिसला की अक्कल जाते.

इंडियानाची बाजूही बघण्यासारखी आहे, कारण तिथंही हाच पेच होता. सॅक्रॅमेंटोकडे दोन गार्ड, इंडियानाकडे दोन उंच माणसं: सबोनिस आणि माइल्स टर्नर. दोघं एकत्र खेळताना पायात पाय. सबोनिस दोनदा ऑल-स्टार (लीगच्या निवडक खेळाडूंच्या सामन्यासाठी निवडलेला) झालेला, टर्नर एकदाही नाही. सगळे म्हणत टर्नरला विका. इंडियानानं ऑल-स्टार विकला आणि टर्नर ठेवला, जो बास्केटपाशी शॉट अडवतो आणि आक्रमणात तीनच्या रेषेबाहेर जाऊन मधली जागा रिकामी करतो. चेंडू पाठवणाऱ्या गार्डला नेमकी तीच रिकामी जागा लागते. सॅक्रॅमेंटोनं हातात असलेल्यांपैकी मोठं नाव ठेवलं, इंडियानानं जुळणारं माणूस ठेवलं.

मग किंग्जनी फॉक्स देऊन सबोनिस आणायला हवा होता का? तुम्ही बहुधा असंच म्हणता आहात, आणि इथं मी तुमच्याबरोबर पूर्ण नाही. पाच वर्षांच्या महागड्या कराराच्या सुरुवातीला असलेला, बाहेरून न मारणारा गार्ड घेऊन इंडियानानं दोन वेळचा ऑल-स्टार दिला असता असं मला वाटत नाही. त्यांना हॅलिबर्टनच हवा असणार, कारण तो एकवीस वर्षांचा, स्वस्त, आणि बारावा पिक म्हणून अजून पुरता न ओळखलेला. (जन्म २९ फेब्रुवारी २०००. वाढदिवससुद्धा सहज हाती न येणारा.) खरा दुसरा पर्याय वेगळा होता: त्या वर्षी कुणालाच न देणं. हॅलिबर्टनच्या स्वस्त करारातले दोन मोसम वापरून चेंडू त्याच्याकडे द्यायचा, फॉक्सला कोपऱ्यातून शॉट शिकवायचा, आणि नाहीच जमलं तर मग फॉक्सचा भाव बघायचा. मघाशी लक्षात ठेवा म्हणालो ती गोष्ट हीच. किंग्जना घाई नको होती, त्यांच्याकडे वेळ होता. त्यांनी खेळाडूबरोबर तो वेळही इंडियानाला देऊन टाकला. सोळा वर्षं वाट बघितलेल्याला आणखी दोन वर्षं थांब म्हणणं सोपं नाही, हे खरं.

हॅलिबर्टनला सॅक्रॅमेंटोतच राहायचं होतं, हे त्यानं लपवलं नाही. फॉक्सनं २०२४ च्या उन्हाळ्यात करार वाढवायला नकार दिला. डिसेंबरमध्ये १३-१८ असताना ब्राऊनला काढलं, ज्याचा करार त्याच वर्षी वाढवला होता. फेब्रुवारी २०२५ च्या सुरुवातीला, डॉन्चिच लेकर्सकडे गेल्याच्या पाठोपाठ, फॉक्स सॅन अँटोनियोला गेला. बदल्यात झॅक लाव्हिन आणि पिक. आधीच्या उन्हाळ्यात डिमार डिरोझन आणलेला होताच, म्हणजे शिकागोत जी जोडी चालली नाही तीच आता सॅक्रॅमेंटोत. तो मोसम ४०-४२, पुन्हा नववे, पुन्हा प्ले-इनमध्ये हार, आणि मॅकनेअरही गेला. तीन वर्षांत दोन्ही गार्ड गेले. फेब्रुवारी २०२२ च्या सौद्यानं एवढं सगळं झालं असं मी म्हणणार नाही. २०२३ ला जिथं पोचलो ती पायरी आहे की गच्ची, हे त्यांनी चुकीचं ओळखलं. पण फॉक्स गेल्यावर सबोनिसच्या हातातून चेंडू घ्यायला पळत येणारं कुणी उरलं नाही, आणि तो पुन्हा मोकळा सोडता येण्यासारखा माणूस झाला.

एक आठवण जाता जाता. मार्च २०१२ मध्ये शेजारच्या गोल्डन स्टेटनं हाच पेच सोडवला होता. मॉन्टा एलिस, लोकांचा लाडका, भरभरून गुण करणारा. आणि सतत घोटा दुखावून बसणारा करी. त्यांनी एलिसला मिलवॉकीला देऊन अँड्र्यू बोगट आणला, जो त्या वेळी जखमी होता. आठवड्याभरात क्रिस मलिनच्या जर्सीच्या समारंभात मालक जो लेकब बोलायला उभा राहिला तर प्रेक्षकांनी हुर्यो करून त्याला धड बोलू दिलं नाही. त्या मालकमंडळात तेव्हा रणदिवेही होते. पुढच्याच वर्षी त्यांनी किंग्ज घेतले. चेंडूविना खेळता येणारा गार्ड ठेवायचा असतो, हे त्यांनी अगदी जवळून बघितलेलं होतं, वर सेंटर आणूनसुद्धा.

तर पैज. गार्ड चुकीचा दिला हे तुमचं बरोबर, मिसळ मित्रानं द्यावी. सबोनिसशिवाय दुष्काळ त्या वर्षी संपला नसता हे त्याचंही खरं, म्हणून वरचा चहा तुमच्याकडून. आणि खाताना २०२३ चा तो पहिला सामना लावा, १२६-१२३ वाला. त्यावर तुमच्या दोघांचा वाद होणार नाही.